उन्हाळी काम : मालक दिवस मोजतो, मार्क नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे आणि कॉलेजचे पेपर संपले की ‘पाहिजेत’च्या रकान्यावर पेनाने खुणा करणारी मुलं घरोघरी दिसू लागतात. दोन-तीन आठवडे फोनाफोनी होते, चार ठिकाणी चकरा होतात आणि मे उजाडला की ‘काही मिळत नाही’ म्हणत मुलगा गावची गाडी पकडतो. मुंबईत एप्रिल ते जूनमध्ये तात्पुरत्या हातांची गरज भरपूर असते. फक्त ती एकाच वेळी उघडत नाही आणि तिची जाहिरात बहुधा येतच नाही. त्यासाठी हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण उपदेशापेक्षा तपशील उपयोगी पडेल.

आधी मुख्य गोष्ट. उन्हाळ्यापुरता माणूस घेणारा मालक तुमचे टक्के विकत घेत नसतो, तो दिवस विकत घेत असतो. त्याला एकच भीती असते : पोरगं आठ दिवस येईल, काम शिकेल आणि 5 मेला ‘आजी आजारी आहे’ म्हणून कोकणात निघून जाईल. मुलाखतीत ‘गाव कुठलं?’ असं सहज विचारल्यासारखं वाटतं, त्यामागे हीच शंका असते. म्हणून कामाच्या शोधात निघण्याआधी घरी बसून कॅलेंडरवर खुणा करा. शेवटचा पेपर, सीईटीची तारीख, घरातलं लग्न, गावाला जायचे दिवस, कॉलेज सुरू होण्याचा दिवस. मग सांगता येतं : ‘20 एप्रिल ते 10 जून, रोज 10 ते 7 मोकळा आहे. 9 आणि 10 मेला बहिणीचं लग्न आहे, ते दोन दिवस येणार नाही.’ हे दोन खाडे आधी सांगितल्याने काम जात नाही. लपवून ठेवले आणि 8 मेच्या रात्री व्हॉट्सॅप टाकला तर मात्र जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहता येत नाही.

आता कुठे आणि कधी. सहल कंपन्यांची कचेरी आणि मुलांची उन्हाळी शिबिरं यांची माणसं फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतात. एप्रिलमध्ये तिथे गेलात तर उरते ती कोणीतरी मध्येच सोडून गेल्याची जागा. विचारायला हरकत नाही, भरवसा ठेवू नये. लग्नसराईतलं केटरिंग याच्या बरोबर उलट : आज विचारलं, उद्या संध्याकाळी हॉलवर. तिथे पगार नसतो, कार्यावर पैसे असतात. दुपारचं जेवण धरलं तर सकाळी लवकर हजर व्हायचं आणि भांडी मोजून गाडीत चढेपर्यंत सुटका नाही. म्हणून ‘एका कार्याचे किती’ याच्या आधी ‘किती वाजता सुटतो’ हे विचारा. रात्रीचं कार्य असेल तर शेवटची लोकल चुकते. परतीच्या रिक्षाचे पैसे कोण देणार हे कार्याआधी ठरवा. नंतर मुकादम सापडत नाही.

आंब्याचं काम गुढीपाडव्यापासून जोर धरतं आणि मे संपेपर्यंत चालतं. दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, ठाणे इथे बागायतदार आणि त्यांचे नातेवाईक स्टॉल लावतात. पेट्या उतरवणं, फळ निवडणं, फोनवरच्या ऑर्डरी लिहिणं आणि घरपोच देणं यासाठी त्यांना दोन-तीन पोरं हवीच असतात. इथे बायोडाटा कोणी मागत नाही, फळाची जाण विचारतात. चार डझनांच्या पेटीतलं फळ मोठं आणि सहा डझनांच्या पेटीतलं लहान असतं, हे माहीत असावं. हिरवट पेटी घेऊन जाणाऱ्याला ‘पेंढ्यात ठेवा, एक दिवसाआड हलक्या हाताने फळ पाहा, तयार झालेलं बाजूला काढा’ असं सांगता यावं. गिऱ्हाईक हटकून विचारतं, ‘कार्बाइडचा तर नाही ना?’ कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. ‘हापूस’ या नावाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. ही दोन वाक्यं शांतपणे सांगणारा मुलगा स्टॉलवाल्याला दुसऱ्या दिवशीही हवा असतो.

लालबागच्या मिरची गल्लीत मार्चपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत वर्षाच्या मसाल्याची गर्दी असते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी तोलून देणं, नंबर लावणं, भाजलेला माल डंखापर्यंत, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रापर्यंत नेणं आणि कोणाचा डबा कोणाचा हे न चुकवणं, अशी ही कामं. बहुतेक रोजंदारीवर चालतात. ठसक्याचा किंवा दम्याचा त्रास असेल त्याने या वाटेला जाऊ नये. रुमाल बांधून ते भागत नाही. त्याच परिसरातल्या आणि परळ-चिंचपोकळीच्या गणपती कारखान्यांत उन्हाळ्यातच काम उभं राहतं. डोळ्यांची आखणी नवख्याच्या हाती कोणी देत नाही. घासकाम, अस्तराचा रंग, मूर्ती हलवणं एवढंच मिळेल. मात्र कारखानदाराला चतुर्थीपर्यंत टिकणारा हात हवा असतो, तेव्हा ‘जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर संध्याकाळी येईन’ हे सांगता आलं तरच तिथे जा.

ज्यांची परीक्षा मेपर्यंत लांबते त्यांच्यासाठी शालेय वस्तूंचा हंगाम बरा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्याआधीचे तीन-चार आठवडे वह्या, दप्तरं, गणवेश, रेनकोट आणि छत्र्या यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. दादरचा रानडे रोड, ठाण्यातला गोखले रोड, घाऊक मालासाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांना जून-जुलैच्या सेलसाठी जादा माणसं लागतात, ती बहुतेक माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत घेतली जातात. वानखेडेवर आयपीएलचे सामने असतात तेव्हा प्रवेशद्वारावर आणि स्टँडमध्ये उभी राहणारी मुलंही अशाच एजन्सीची असतात. घरपोच डिलिव्हरीचं काम वर्षभर मिळतं. त्याला वय 18, वाहन परवाना आणि स्वतःच्या पेट्रोलचा हिशेब लागतो. दिवसाला मिळालेल्या रकमेतून पेट्रोल, मोबाइल डेटा आणि गाडीची झीज वजा केल्याशिवाय ‘कमाई’ हा शब्द वापरू नका. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव जरूर नोंदवा. रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात, पण दोन महिन्यांच्या कामासाठी त्यावर विसंबू नका.

दुकानांत काम शोधायची सर्वांत खात्रीची पद्धत जुनीच आहे. एक रस्ता धरायचा आणि त्यावरची पंधरा दुकानं ओळीने चढायची. वेळ मंगळवार ते गुरुवार, दुपारी 3 ते 5. शनिवारी संध्याकाळी गल्ल्यावर गर्दी असताना ‘व्हेकन्सी आहे का?’ विचारणाऱ्याला नकार मिळतो, तो त्याच्यामुळे नाही, वेळेमुळे. आत गेल्यावर पहिल्या दिसणाऱ्या सेल्समनला काम मागू नका. त्याला विचारा, ‘शेठ किंवा मॅनेजर कधी भेटतील?’ उत्तर वहीत लिहा आणि त्याच वेळी परत जा. दुसऱ्यांदा सांगितलेल्या वेळी आलेला मुलगा निम्मी मुलाखत तिथेच पास झालेला असतो.

बायोडाटा एक पान, खरं तर अर्धं पुरतं. वर नाव, मोबाइल आणि राहण्याचं स्टेशन, म्हणजे ‘डोंबिवली पूर्व’, ‘कांदिवली पश्चिम’. मुंबईतला मालक टक्क्यांआधी स्टेशन वाचतो. त्याखाली कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि किती ते किती. मग भाषा. दुकानात गुजराती बोलता येणं हे अर्ध्या पदवीइतकं वजनदार असतं, येत असेल तर लपवू नका. मग शिक्षण, आणि शेवटी केलेलं कुठलंही काम : मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवला, शिकवणी घेतली, घरच्या दुकानात बसलो. ‘छंद : वाचन, प्रवास’ काढून टाका. पीडीएफ पाठवत असाल तर फाइलला स्वतःचं नाव द्या. एकाच दिवशी ‘रेझ्युमे फायनल 2’ नावाच्या वीस फाइली आल्या की कोणती कोणाची हे शोधत बसायला कोणाला वेळ नसतो.

फोनचंही सांगायला हवं. मुलाखतीचा पहिला फोन बहुतेक वेळा गर्दीच्या डब्यात येतो. तिथे ओरडत बोलण्यापेक्षा ‘सर, ट्रेनमध्ये आहे, नीट ऐकू येत नाही, पावणेबारा वाजता फोन करू का?’ असं म्हणावं आणि पावणेबारालाच करावा. पत्ता तोंडी घेऊ नये, मेसेजवर मागवावा. अंधेरी एमआयडीसी, मरोळ आणि साकीनाका हे भाग सांगताना लोक एकमेकांत मिसळतात आणि मुलगा चुकीच्या मेट्रो स्टेशनवर उतरतो. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) इमारतीत असेल तर गेटवर फोटो ओळखपत्र, नोंद, पास यात पंधरा मिनिटं जातात, तेव्हा 11 ची वेळ असेल तर गेटवर साडेदहाला. रविवारी बोलावलं असेल तर शनिवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहून ठेवा. ‘ब्लॉक होता’ हे कारण मुंबईत कोणालाच नवीन नाही, म्हणून ते कोणी मानतही नाही.

कपड्यांबद्दल एवढंच : मे महिन्यात फिकट निळा किंवा राखाडी शर्ट घालू नका, घाम सर्वांत जास्त त्यावर दिसतो. पांढरा किंवा गडद निळा बरा. शक्य असेल तर शर्ट पिशवीत न्यावा आणि तिथे पोचल्यावर बदलावा.

मुलाखत अशा कामांची सात-आठ मिनिटांची असते. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न आला की मुलं जन्मापासून सुरू होतात, किंवा पाठ केलेलं इंग्रजी म्हणतात आणि तिसऱ्या वाक्याला अडकतात. चार गोष्टी, एक मिनिट : काय शिकतो, कुठे राहतो, कधीपासून कधीपर्यंत मोकळा आहे, आणि या कामाशी जुळणारं आधी काय केलं. मग थांबायचं. थांबता न येणं हा चुकीच्या इंग्रजीपेक्षा मोठा दोष आहे. समोरच्याने इंग्रजीत सुरुवात केली आणि आपलं कच्चं असेल तर एकच वाक्य : ‘मला समजतं, उत्तर हिंदीत दिलं तर चालेल का?’ मॉलच्या चकचकीत दुकानातही हे बहुधा चालतं. समजलं नसताना ‘येस सर’ म्हटलेलं मात्र लगेच उघडं पडतं.

काउंटरच्या कामासाठी तोंडी हिशेब विचारतात आणि तिथेच बरीच मुलं गळतात. 285 ची एक वस्तू, तीन घेतल्या, हजार दिले, परत किती? 520 रुपये किलो, पाऊण किलोचे किती? 145 आणि 390, ही उत्तरं येतात सगळ्यांना, पण मोबाइल काढण्याची सवय हात सोडत नाही. आठवडाभर घरच्या किराण्याच्या यादीवर सराव केला तरी पुरतं. उत्तर देताना ‘हजार दिले, आठशे पंचावन्न झाले, एकशे पंचेचाळीस परत’ असं पूर्ण म्हणा. गल्ल्यावर असंच मोठ्याने म्हणावं लागतं, म्हणजे गिऱ्हाईकाशी वाद उरत नाही. विचारणाऱ्याला ते लगेच कळतं. ‘गिऱ्हाईक ओरडलं तर?’ याचं उत्तर ‘मी त्याला समजावेन’ हे नाही. आधी पूर्ण ऐकून घेईन, बिल पाहीन, माझ्या हातात नसेल तर सुपरवायझरला बोलावीन, हे आहे. बदलून देण्याचं आश्वासन नवख्याने परस्पर दिलं की ते पैसे पुष्कळदा त्याच्याच पगारातून कापले जातात.

‘पगार किती पाहिजे?’ यावर ‘तुम्ही द्याल तो’ म्हणणं हा नम्रपणा नाही, तयारी नसल्याची कबुली आहे. आकडा सांगण्याआधी तास, साप्ताहिक सुट्टी आणि जेवणाची सुट्टी विचारून घ्या आणि भागाकार करा. महिना 15,000, 26 दिवस, रोज 9 तास म्हणजे तासाला साधारण 64 रुपये. महिना 12,000, तेवढेच दिवस, पण रोज 6 तास म्हणजे 77. पहिलं काम अंधेरीत असेल, घर डोंबिवलीत असेल आणि जाऊन-येऊन साडेतीन तास जात असतील, तर ते तासही दिवसात धरा : 64 चे 46 होतात. विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. कामाची वाट वेगळी असेल तर पूर्ण दराचा पास काढावा लागतो, तोही खर्चात धरा. टीसीने पकडल्यावर ‘मी विद्यार्थी आहे’ ऐकून घेतलं जात नाही.

शिवाय सांगितलेला पगार आणि हातात येणारा पगार यांत फरक असतो. 15,000 पैकी मूळ पगार 12,000 असेल तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयचे (कामगार विम्याचे) एकूण पगारावर 0.75 टक्के म्हणजे 113 आणि व्यवसाय कर 200. हातात 13,247. मुलींना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, तरी काही ठिकाणी कापतात, पावती पाहा. पीएफ कापला तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागून घ्या आणि पुढच्या प्रत्येक नोकरीत तोच द्या, नाहीतर चार ठिकाणी चार खाती अडकून पडतात. पॅन कार्ड आधीच काढा. एजन्सीने मानधन म्हणून पैसे दिले आणि कर कापायचा झाला, तर पॅन नसलेल्याचे 20 टक्के जातात. पॅन असेल तर कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

विचारायला संकोच वाटतो असे तीन प्रश्न. ट्रायलच्या दिवसाचे पैसे मिळतात का? (एक दिवस समजू शकतो, ‘तीन दिवस ट्रायल’ म्हणत आठवड्याला दोन-दोन पोरं फुकट राबवणारी दुकानं आहेत.) पगार कोणत्या तारखेला होतो? बहुतेक ठिकाणी पुढच्या महिन्याच्या 7 ते 10 तारखेला होतो, म्हणजे 31 मेला काम सोडलं तरी 10 जूनपर्यंत पैसे मालकाकडेच. आणि महिना अर्धा असताना सोडलं तर दिवसांवर हिशेब होतो का? पैसे बुडतात ते बहुधा इथेच. काम ठरलं की त्याच संध्याकाळी साधा मेसेज टाका : ‘सर, ठरल्याप्रमाणे 20 एप्रिलपासून 10 जूनपर्यंत, 10 ते 7, सोमवारी सुट्टी, महिना 15,000. उद्या हजर होतो.’ समोरून नुसता अंगठा आला तरी तो जपून ठेवा. रोजची हजेरी स्वतःच्या वहीतही लिहा. पैसे अडकले तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे ‘त्यांनी सांगितलं होतं’ यापेक्षा हा मेसेज आणि ही वही कामाला येते. अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशी मागू नका, आठवडाभर आधी सांगा.

कायद्याचं थोडक्यात. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही; शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत हा अपवाद. 14 ते 18 मधल्यांना धोकादायक कामं वर्ज्य आहेत. मोठ्या दुकानांत आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. रात्रीच्या पाळीसाठी मुलीची संमती लागते आणि तिला सुरक्षित घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. मॉल 10 ला बंद होतो, पण गल्ला जुळवून बाहेर पडायला पावणेअकरा होतात, हे आईवडिलांनी धरून चालावं.

आणि फसवणूक. लोकलच्या डब्यात चिकटवलेले ‘घरबसल्या 25,000’ चे कागद, विमानतळावर भरतीसाठी गणवेशाचं डिपॉझिट, ‘फॉर्म भरून द्या’ असं डेटा एंट्रीचं काम आणि मग चुका काढून वकिलाच्या नोटिशीची धमकी, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे आधी दीडशे रुपये देऊन पुढे हजारो रुपये भरायला लावणं : रूपं वेगळी, खूण एकच. काम देणारा तुमच्याकडे पैसे मागतो. रक्कम 499 असली तरी उठून यायचं. हॉटेलच्या हॉलमध्ये ‘मुलाखत’ म्हणून बोलावून पन्नास जणांना व्यवसायाचं स्वप्न दाखवतात, तीही नोकरी नव्हे. याहून घातक म्हणजे ‘तुझं बँक खातं वापरायला दे, महिना पाच हजार’. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की पोलीस खातेदाराच्या दारात येतात, आणि त्या मुलाला आपण काय केलं हेही माहीत नसतं. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नका. आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी द्या आणि त्यावर कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला दिली ते आडवं लिहा. पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, नंतर ती रोज कमी होते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. छोट्या जाहिरातीत शब्दामागे पैसे पडतात, म्हणून ‘मुले/मुली पाहिजेत, आकर्षक पगार, त्वरित भेटा’ एवढंच छापून येतं. एप्रिल ते जून तरी नोकरीच्या जाहिरातीत स्टेशन, कामाचे तास, पगाराचा आकडा आणि कामाचा कालावधी या चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात, आणि त्या शब्दांचे पैसे जाहिरातदाराकडून घेऊ नयेत. पगाराच्या जागी ‘आकर्षक’ लिहिणाऱ्याची जाहिरात परत पाठवावी. जागेचं थोडं नुकसान होईल, पण बदलापूरहून साकीनाक्याला चकरा मारणाऱ्या मुलांचं गाडीभाडं वाचेल.

आपला,
एक वाचक
परळ, मुंबई - 12